ड्रायव्हर आहे, एवढंच सांगा

नेलमंगला, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गाडी काल संध्याकाळी डेपोत लावली. माल भरायला नंबर उद्या सकाळी लागणार, म्हणून आज हातात वेळ आहे. फोनवर बोलायला गेलं की आई आधी "जेवलास का" विचारते, मग रडते, मग फोन बाबांच्या कानाला लावते आणि बाबांना ऐकू येत नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. ताई, तू वाचून दाखवशीलच. मध्ये एके ठिकाणी तुला खूण करतो, तेवढं आईसमोर गाळ.

महिना झाला. त्यातले पहिले बारा दिवस स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. चिक्कोडीच्या आरटीओतून जड गाडीचं लायसन्स आणलं म्हणजे पोरगा ड्रायव्हर झाला, असं तुम्हाला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. हलक्या गाडीच्या लायसन्सला वर्ष होईपर्यंत थांबलो, मग शिकाऊ, मग टेस्ट, एवढं करून इथं आलो तर पहिल्या दिवशी चक्क वर्गात बसवलं. बाकं, फळा आणि हातात खडू घेतलेले मास्तर. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, वीस वर्षं गाडी मारलेले, तेही वहीत लिहून घेत होते. मोठ्या कंपनीत नवीन म्हणजे नवीनच, आधीचं काही धरत नाहीत.

त्या वर्गातलं एक बाबांसाठी मुद्दाम लिहितो. मास्तरांनी चौघांना ट्रकच्या डाव्या अंगाला, केबिनला अगदी चिकटून उभं केलं. मला वर सीटवर बसवलं आणि विचारलं, "किती जण दिसतात?" मी आरशात बघितलं, मान लांब करून बघितलं. एकही दिसत नव्हता. चार माणसं, बाबा! तुम्ही बाजारच्या दिवशी एम-एटीवरून निपाणीत जाता आणि सिग्नलला गाड्यांच्या डावीकडनं पुढं घुसता. इतकी वर्षं मला वाटायचं की ट्रकवाले मुद्दाम दाबतात. मुद्दाम नाही, त्यांना तुम्ही दिसतच नाही. ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही एवढं लक्षात ठेवा आणि मागं थांबा.

तेराव्या दिवशी एका उस्तादाबरोबर जोडी लावून दिली. आमच्या कंपनीत क्लीनर नसतो, लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर. उस्ताद हावेरीकडचे. कन्नड त्यांची, हिंदी मोडकी, मराठी कळते पण बोलत नाहीत. मला बघून पहिला प्रश्न, "याव ऊररी?", म्हणजे कुठलं गाव. निपाणी म्हटल्यावर चेहरा उजळला. का उजळला ते शेवटी सांगतो. इथले बेंगळूरुचे लोक जेवण झालं का हे "ऊटा आय्ता" असं विचारतात, उस्ताद "ऊट आतेनरी" म्हणतात, आणि मला दुसरंच जवळचं वाटतं. शाळेत कन्नडच्या तासाला मी किती कुरकुर करायचो ते आठवतं? आता फॉर्म भरताना, गोडाऊनमध्ये माल उतरवताना, पोलिसाशी बोलताना तेच कामाला येतं.

गाडी दहा चाकी आहे. मालासकट 28.5 टन भरते. आपली उसाची ट्रॉली हालसिद्धनाथ कारखान्याला नेताना मला वाटायचं की याहून जड काही नसेल. हिला थांबवणं हे खरं काम, चालवणं नव्हे. सकाळी इंजिन सुरू केलं की आधी हवेच्या काट्याकडं बघत बसायचं. हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, आणि उस्ताद तोवर चहासुद्धा पिऊ देत नाहीत. खाली उतरून एकेका टायरवर रॉड मारायला लावतात. भरलेला टायर टणक वाजतो, हवा कमी असलेला भद्द. पहिल्या दिवशी मला दहाही सारखेच वाजले. आता आतल्या बाजूचासुद्धा कळतो.

आता घाटाचं. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, तरी ऐका. आपल्याकडं सगळे म्हणतात की तवंदी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचतं. काकासुद्धा ट्रॅक्टर तसाच उतरवायचा. मी पहिल्या फेरीत चित्रदुर्गाच्या पुढं एका साध्या उतारावर गिअर काढला, तर उस्तादांनी माझ्या हातावर चापट मारली. अगदी शाळेतल्यासारखी. नंतर ढाब्यावर समजावून सांगितलं. नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल जायचंच बंद होतं, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहतं, म्हणजे उलट डिझेल जास्त जातं. आणि सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. ड्रम तापला की ब्रेक दाबूनही लागत नाही. ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा, एवढाच त्यांचा नियम. तवंदीच्या पायथ्याला उलटलेल्या गाड्या बघायला आपण सगळी पोरं पळत जायचो, त्यातल्या किती न्यूट्रलमध्ये आल्या असतील कोण जाणे.

(ताई, इथून पुढचा परिच्छेद सोड.)

दुसऱ्या फेरीत पुण्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये गाडी मागं घेताना मी खांबाला घासली. मागचा कोपरा दबला, आरसा गेला. कारण ऐकून हसाल. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायची मला सवय. इतकी वर्षं उसाच्या ट्रॉल्या लावल्या, गावात माझ्यासारखी कोणी लावत नव्हतं, त्याच हातांनी घात केला. सरळ गाडीला सरळच फिरवावं लागतं हे डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. पगारातून साडेतीन हजार कापले. वाईट पैशाचं कमी वाटलं, उस्तादांनी काही न बोलता खाली उतरून काचा गोळा केल्या त्याचं जास्त वाटलं. बाबा, पंपाच्या मोटरीचे पैसे या महिन्यात म्हणून कमी आले. आईला "उचल घेतली होती" असं सांगितलंय.

(इथून वाच.)

आई, केबिनमध्ये उकडतं का, असं तू विचारत होतीस. दुपारी उकडतं. 2025 मध्ये नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, पण आमची गाडी त्याआधीची आहे. ओला टॉवेल मानेवर टाकतो. झोपायला मागं पाळणा आहे, एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. कायद्यात दिवसाला आठ तासच लिहिलेत, वर्गात फळ्यावरही लिहिले होते. रस्त्यावर तेवढ्यात भागत नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण डोळे जड झाले की मी सांगतो आणि उस्ताद स्टिअरिंग घेतात. न सांगणाऱ्या पोराला ते दुसऱ्या फेरीला घेत नाहीत म्हणे. जेवणाचं चांगलं आहे. दावणगेरेला बेण्णे दोसा खाल्ला. लोणी एवढं की तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, ह्या लोकांना परवडतं कसं!

मंगळवारी रात्री घरावरून गेलो. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण थांबता येणार नव्हतं. गाडीला जीपीएस आहे, ठरल्या जागा सोडून दहा मिनिटं उभी राहिली की डेपोतून फोन येतो. बेळगावच्या बाहेर सुवर्ण विधानसौधचे दिवे दिसले तेव्हा एक वाजून गेला होता. संकेश्वर मागं पडलं तसं उस्तादांनी मला चालवायला दिलं, म्हणाले, तुझा घाट आहे, तूच उतर. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात झोपायचो तेव्हा घाटातल्या गाड्यांचा तो घरघर आवाज यायचा ना, गिअरवर उतरताना इंजिन आवाज करतं तो, तेव्हा आई म्हणायची, "कुणाची लेकरं असतील बाई, एवढ्या रात्री जागी." त्या रात्री साडेतीनच्या सुमारास तू जागी असशील तर तुझंच होतं. हॉर्न वाजवावासा फार वाटला. पण उगाच हॉर्न मारला तर बाकीचे ड्रायव्हर गोंधळतात, म्हणून नाही वाजवला.

खाली आल्यावर उस्तादांना म्हटलं, माझ्या बाबांनी हा रस्ता अडवला होता. त्यांना चेष्टा वाटली. मग सांगितलं, 1981, तंबाखूला भाव मिळेना, शरद जोशींबरोबर हजारो शेतकरी याच पुणे-बेंगळूरु रस्त्यावर येऊन बसले होते, बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. 6 एप्रिलला गोळीबार झाला. तुम्ही हे सगळं आम्हाला कितीदा सांगितलंय, पिठलं कोणी केलं, भाकरी कुठल्या गावातून आल्या, पोलीस कुठून आले. उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आणि गाड्या? ड्रायव्हर लोकांनी काय खाल्लं?" बाबा, मला सांगता आलं नाही. इतक्या वेळा ऐकूनही मी तुम्हाला हे कधी विचारलंच नव्हतं. ताईला सांगा, ती लिहून पाठवेल. त्यांना खरंच जाणून घ्यायचंय, आणि मलाही.

आता ज्यासाठी बसलो ते. मावशीच्या फोनवरून कळलं की गडहिंग्लजच्या त्या स्थळाला तुम्ही "मुलगा बेंगळूरुला लॉजिस्टिक कंपनीत सुपरवायझर आहे" असं सांगितलंत. आई, मला राग आला नाही. ड्रायव्हर म्हटलं की लोक पुढं बोलतच नाहीत हे मला माहीत आहे. त्यांची भीती खोटीही नाही. महिन्यातले वीस-बावीस दिवस माणूस घरी नसतो, अपघाताच्या बातम्या रोज येतात, आणि पिणारे आहेतच. मुलीच्या बापानं विचार करावा, नाही म्हणावं, त्यात वाईट काही नाही. पण खोट्यावर हो म्हटलं तर मी त्या मुलीच्या समोर कुठल्या तोंडानं उभा राहू? चार दिवसांत माझ्या कपड्यांना डिझेलचा वास येईल तेव्हा ती काय समजेल?

आणि तू तरी असं कुठं केलंस? तीस वर्षं रोज हजार-हजार बिड्या वळल्यास. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय "गृहिणी" लिहूया असं गुरुजी म्हणाले, तर तू पदराखालून बिडी कामगाराचं कार्ड काढून टेबलावर ठेवलंस. मी शेजारी उभा होतो, पाचवीत. त्या कार्डावर शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यातून माझी दहावीपर्यंतची पुस्तकं आली. मलाही तसंच सांग. ड्रायव्हर आहे, एवढंच. गडहिंग्लजवाल्यांना या आठवड्यात फोन करून बाबांनी खरं सांगावं. मी करणार होतो, पण ते तुमचं बोलणं आहे, तुम्हीच मोडा किंवा पुढं न्या.

पुढची फेरी शुक्रवारी निघेल. जाताना रविवारी सुट्टी टाकलीय, मिळाली तर निपाणी स्टँडवर उतरून घरी येतो, उस्ताद एकटे कोल्हापूरपर्यंत नेतील. बाबा, बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. आईनं खोकल्याचं औषध संपवलं का ते ताईनं बाटली बघून कळवावं, तिच्या सांगण्यावर जाऊ नये.

आणि हो, उस्तादांचा चेहरा का उजळला ते राहिलं. निपाणी म्हटल्यापासून ते रोज एकच विचारतायत. घरची काळी तंबाखू पाव किलो बाजूला काढून ठेवा, चांगली, बाजारात जाणारी नको. मी खात नाही, आई, शपथ. पण त्या आरशाच्या काचा त्यांनी गोळा केल्या, एवढं तर द्यायलाच हवं. (ताई, हे शेवटचं वाक्यही गाळ.)

तुमचा,
बाळू