मॅडम, तुम्ही बाबांच्या पाठीवर हात ठेवलात

मॅडम, नमस्कार.

तुमच्याकडे रोज किती पेशंट येतात, त्यात खानापूर तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी तुम्हाला आठवणार नाही कदाचित. आम्हाला मात्र तुम्ही रोज आठवता.

बाबांच्या पाठीवर जांभळट गाठी आल्या तेव्हा भाताची लावणी चालू होती. चिखलाने झालं असेल म्हणून आधी आम्हीही सोडून दिलं. मग दोन महिने तीन दवाखाने. नायट्याचं मलम, खरजेचं औषध, ॲलर्जीची गोळी. गाठी खाजत नाहीत, दुखत नाहीत, हे बाबा सांगत राहिले. ऐकलं कुणी नाही. एका डॉक्टरने तर शर्टही काढायला न लावता टेबलापलीकडूनच चिठ्ठी लिहिली आणि "घरात जपून राहा" म्हणाला. त्या एका वाक्याने बाबांचं ताट वेगळं झालं, नातवाला जवळ घेणं बंद झालं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बेळगावला तुमच्यासमोर बाबा स्वतःच खुर्ची मागे सरकवून बसले. तुम्ही उठून आलात, उघड्या हाताने एकेक गाठ चाचपलीत आणि हात तिथेच ठेवून विचारलंत, "काका, घरात वेगळं जेवता काय?" तुमचं मराठी अडखळत होतं, बाबांचं कन्नड त्याहून. "हे कुणाला लागत नाही. सगळ्यांच्या संगट बसायचं." बाबा रडले. दोन महिन्यांत त्यांना कुणी हात लावला नव्हता, मॅडम. आम्हीसुद्धा. भाषेवरून इथे केवढी भांडणं बघितलीत आम्ही, पण त्या खोलीत भाषा कुठे आडवी आली नाही.

मग सुजलेल्या हिरड्या पाहिल्यात. नडगीवरच्या लाल ठिपक्यांवर काच दाबलीत, तरी ते फिके पडेनात. कातडीखाली रक्त झिरपतंय, प्लेटलेट कमी असणार, म्हणालात. रक्त त्याच दिवशी तपासायला लावलंत, गाठीचा तुकडाही पाठवलात. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी कातडीत, हिरड्यांत जाऊन बसतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

निदान व्हायच्या आधीच, त्या रात्री, आईने बाबांचं ताट आमच्या पंगतीत मांडलं. नातू मांडीवर चढला.

आता तिसरी केमो झाली. गाठी बसल्यात, बाबा थकलेत. यंदाचा बासमती मळून झालाय. पुढच्या खेपेला थोडा आणतो, नको म्हणू नका.

तुमच्या काकांचा मुलगा