खडाखडी न बघताच निकाल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. लेखकांनी रमी, क्रिकेटवर पैसे लावायची अ‍ॅप आणि मारामारीचे गेम एकाच पोत्यात भरलेत आणि शेवटी ‘नुसती बटणं बडवायला डोकं लागत नाही’ असा शेरा मारलाय. मी ५१ वर्षांचा आहे. कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. गेली पावणेदोन वर्षं ‘स्ट्रीट फायटर ६’ या गेममधला झँगीफ नावाचा एकच पैलवान शिकतोय आणि तो अजून मला नीट येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी पोत्याचं बघू. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, वेगळं काढून मान्यता दिली. म्हणजे सरकारला कळलेला फरक पुरवणीला कळला नाही. असो, एवढंच असतं तर मी कागद खराब केला नसता.

झँगीफ माझ्या जुन्या ओळखीचा. १९९३च्या सुमारास आमच्या पेठेत एका बोळात व्हिडिओ पार्लर होतं, तिथं एका मशीनवर ‘मुस्तफा’ नावाचा मारामारीचा गेम आणि दुसऱ्यावर ‘स्ट्रीट फायटर २’. मी तेव्हा तालमीत जायचो. पहाटे जोर-बैठका, मग आखाडा, आणि संध्याकाळी वस्तादांची नजर चुकवून पार्लर. सगळी पोरं रयू नाहीतर केन घ्यायची, हातातून आगीचा गोळा सोडायची आणि ‘हाडोकेन’ जमेल तसं ओरडायची. झँगीफला कुणी हात लावायचं नाही. केवढा तरी धिप्पाड, छातीवर केस, अंगावर अस्वलांशी कुस्ती खेळून झालेल्या जखमांचे व्रण, लाल चड्डी. पण गोळा नाही, वेग नाही. मी पैलवान म्हणून हट्टानं त्याला घ्यायचो आणि दोन मिनिटांत नाणं घालवून बसायचो. त्याचा खरा डाव कसा मारायचा हेच पार्लरमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे हा गेम १९९१चा आणि झँगीफ सोव्हिएत संघाचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशच गेला, हा पैलवान मात्र राहिला. गेम जिंकला की शेवटी गोर्बाचेव्हसारखा दिसणारा पुढारी हेलिकॉप्टरनं येतो आणि दोघं मिळून नाचतात असं ऐकलं होतं. मला ते कधी बघायला मिळालं नाही.

मधली तीस वर्षं तांब्याच्या तारेत गेली. मग थोरली पोरगी नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिचा जुना कॉम्प्युटर घरी ठेवला आणि म्हणाली, ‘‘पप्पा, रविवारी रात्री फोनवर काय बोलायचं, जेवलीस का आणि पाऊस आहे का. त्यापेक्षा माझ्याबरोबर खेळा.’’ ती गाइल घेते. अमेरिकन सैन्यातला, झाडूसारखे केस ताठ उभे असलेला. मी यादी बघितली, गेम निघाला तेव्हाचे अठरा खेळाडू, त्यात झँगीफ. तोच मिशावाला. म्हटलं, हा.

पहिल्या महिन्यात मी तिच्याकडून ४० डाव हरलो आणि एक जिंकलो. तो एक तिनं सोडला असावा.

आता त्या बटणांकडे येतो. झँगीफचा मुख्य डाव म्हणजे समोरच्याला कवळ्यात धरायचं, उलटा करायचा, गरगर फिरत उंच उडायचं आणि डोक्यावर आपटायचं. हा डाव अडवता येत नाही. साधी पकड समोरचा वेळेवर बटणं दाबून सोडवून घेतो, यात ती सोय नाही. उडी मारून किंवा मागं सरून आधीच निसटला तर वाचतो. एवढा जालीम डाव, म्हणून तो मारायची किल्लीही तशीच: लिव्हर, म्हणजे पैलवान हलवायचा दांडा, पूर्ण गोल फिरवायची, ३६० अंश, आणि ठोशाचं बटण.

सोपं वाटतं. पण गोल फिरवताना लिव्हर ‘वर’ जाते आणि वर गेली की पैलवान उडी मारतो. उडी मारलेल्या पैलवानाला जमिनीवरच्या गड्याला ही पकड घालता येत नाही. पहिले पंधरा दिवस माझा झँगीफ गाइलपुढं नुसता टणाटण उड्या मारत होता आणि गाइल खालून लाथ मारून त्याला पाडत होता. पोरगी फोनवर हसून हसून म्हणाली, ‘‘पप्पा, तुम्ही उड्या नका मारू, मी दमलो आता लाथा मारून.’’

एका सोमवारी, दुकान बंद असताना, लिव्हरची पेटी उघडली. आमचा धंदाच तो. आत चार मायक्रोस्विच निघाले: वर, खाली, डावा, उजवा. तिरप्या दिशेला वेगळा स्विच नाही, शेजारचे दोन एकदम दाबले जातात. दांडा कुठवर जाईल हे ठरवणारी चौकोनी पट्टी खाली बसवलेली. मी गोल फिरवताना दांडा चारही कोपऱ्यांत घुसवत होतो आणि वेळ तिथंच जात होता. पट्टीला फक्त घासत न्यायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही, हे ती पेटी उघडल्यावर कळलं. दुसरी गोष्ट पोरीनं सांगितली. पूर्ण फेरी लागतच नाही. समोर, खाली, मागे, वर या चार जागा शिवल्या की पाऊण फेरीत काम होतं. वर गेल्यावर पाय जमिनीवरून सुटायला चार-पाच फ्रेम लागतात. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो, म्हणजे हातात सेकंदाचा जेमतेम बारावा-पंधरावा भाग. त्यात बटण पडलं पाहिजे.

रिवाइंडिंगवाल्याचा जन्म गोल फिरवण्यात जातो. डावा हात तार सोडतो, उजवा मशीनचा दांडा फिरवतो आणि डोक्यात वेढे मोजणं चालू असतं. तार जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर कॉइल ढिली बसते. मला वाटलं होतं, आपल्याला हे फिरवणं हातचा मळ. पण दुकानात मी खांद्यातून फिरवतो. इथं खांदा लावला की पेटीच टेबलावरून सरकते. बोटांनी, तार सोडणाऱ्या हातासारखं, हलकं. म्हणजे उजव्या हातानं तीस वर्षांत जे कमावलं ते इथं कामाचं नव्हतंच, डाव्या हाताचं कामाला आलं. लिव्हर डाव्याच हातात असते.

माझ्याकडं एक वही आहे. प्रत्येक मोटरचा एचपी, तारेचा गेज, खाचा, वेढे तिच्यात लिहिलेले असतात. तिच्या मागच्या पानांपासून मी दुसरा हिशोब सुरू केला. रोज रात्री गेममधल्या सरावाच्या खोलीत शंभर वेळा उजवीकडं तोंड करून, शंभर वेळा डावीकडं. पहिल्या रात्रीची नोंद: उजवीकडं ७, डावीकडं २. तीन महिन्यांनी उजवीकडं ८८, डावीकडं ५१. डावीकडचा आकडा अजून साठ-पासष्टवरच अडकलाय. गेममध्ये एक सोपी पद्धतही आहे, त्यात हाच डाव एका बटणावर निघतो, पण मार वीस टक्के कमी बसतो. पोरगी म्हणाली ती घ्या. आठवडाभर घेतली. नाही करमलं.

बरं, डाव यायला लागला आणि मी तरीही हरतच राहिलो. इथून पुढचं लेखकांनी नीट वाचावं.

ज्यांनी खासबागेत कुस्ती बघितली आहे त्यांना खडाखडी म्हणजे काय ते सांगायला नको. सलामी झाली की दोन्ही पैलवान लगेच भिडत नाहीत. हाताला हात लावून बघतात, मानेवर वजन टाकून बघतात, पाय पुढं करून मागं घेतात. नवख्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. खरं तर तिथंच अर्धी कुस्ती झालेली असते. आमचे वस्ताद म्हणायचे, समोरच्याच्या हाताकडं बघू नकोस, वजन कुठल्या पायावर आहे ते बघ.

झँगीफला गोळा नाही, त्यामुळं त्याला जवळ जावंच लागतं. गाइल लांबून ‘सॉनिक बूम’ हा त्याचा गोळा सोडत राहतो. ही जोडी झँगीफसाठी पहिल्यापासून वाईट समजली जाते. मी उडी मारून जवळ जायला बघायचो आणि तिची उलटी लाथ खायचो. मग कधीतरी डोक्यात उजेड पडला. बूम सोडायला गाइलला लिव्हर मागं धरून ठेवावी लागते, पाऊणएक सेकंद, मगच पुढं ढकलून ठोसा. म्हणजे ज्या क्षणी गाइल एक पाऊल पुढं चालला, त्या क्षणी त्याच्याकडं बूम नाही! वजन कुठल्या पायावर आहे ते बघ. त्या रात्री मी उड्या बंद केल्या. बूम आली की अडवायची, नाहीतर पॅरी करायची, म्हणजे नेमक्या वेळी दोन बटणं धरून ती अंगावर जिरवायची, आणि अर्धं पाऊल पुढं. पुन्हा बूम, पुन्हा अर्धं पाऊल. खाली सहा खणांची एक पट्टी असते. इंग्रजी नाव काहीही असो, मी तिला दमसास म्हणतो. ती संपली की पैलवानाचा रंग उडतो आणि नुसतं अडवतानाही समोरच्याच्या खास डावांचा मार झिरपायला लागतो. त्यामुळं बूम अडवतानाही दम राखायचा. बहुतेकांची ताकद १०,००० तर झँगीफची ११,०००, तेवढा एक आधार.

आणि जवळ पोचलो की पकड लगेच मारायची नाही. हा पकड मारणार, अशी समोरच्याला भीती बसलेली असते. भीतीनं तो उडी मारतो. उडी मारली की खालून हाणायचा. एकदा हाणला की पुढच्या वेळी उडी मारायला घाबरतो, जागेवर बसून राहतो. मग पकड. तालमीत आम्ही ढाक दाखवून पट काढायचो, म्हणजे दाखवायचा एक डाव आणि मारायचा दुसरा, तेच. अंतराचंही तसंच आहे. हलक्या ठोशाची पकड लांबून लागते पण मार कमी, जड ठोशाची अगदी अंगाला अंग भिडल्यावरच लागते पण मार जबर. सरावाच्या खोलीत जमिनीवर चौकोन आखलेले असतात, ते मोजून मी अंतर पाठ केलं.

याला डोकं लागत नाही असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं. मला मात्र रात्री अकरा वाजता डोक्याला पट्टी बांधायची वेळ येते.

आता माझीही चूक सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडली. गेल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटर माझ्याकडं दोन दिवस जास्त पडून राहिली, कारण रात्रीचा वार्निशचा हात द्यायच्या वेळी मी दोन-दोन फेऱ्यांचा मोठा डाव घोटत बसलो होतो. झँगीफचा सगळ्यात मोठा डाव ७२० अंशांचा असतो, तो. बायको म्हणाली, ‘‘त्या माणसाचा ऊस वाळला तर पाणी पाजायला त्या रशियनाला पाठवणार काय?’’ तेव्हापासून दुकानाचं काम संपल्याशिवाय पेटीला हात लावत नाही. लेखकांनी व्यसनाबद्दल जे लिहिलंय ते अगदीच खोटं नाही. पण वेळ खाणं वेगळं आणि घर विकायला लावणं वेगळं. माझ्या ओळखीत रमीपायी मोडलेली दोन घरं आहेत. झँगीफपायी माझी झोप गेली आणि एक शिव्यांचा रविवार गेला.

वयाचाही एक टोमणा लेखात आहे, ‘पोरकट खेळ’ म्हणून. २०२३मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पहिल्यांदा पदकं होती. तिथं ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. वय ४४. आपल्या देशाचेही दोघं त्या गेममध्ये उतरले होते. आपल्या क्रीडा पानावर यातलं काही वाचल्याचं मला आठवत नाही, निदान माझ्या दुकानात येणाऱ्या अंकात तरी नव्हतं.

वहीतला ताजा हिशोब: पोरगी २१४, मी ६१. यातले शेवटचे तीस-चाळीस तिनं सोडलेले नाहीत, कारण हल्ली हरली की ती फोनवर दोन मिनिटं बोलत नाही. गेल्या रविवारी सलग तिसरा डाव गेल्यावर म्हणाली, ‘‘पप्पा, आज मी झोपतो, सकाळी ऑफिस आहे.’’ घड्याळात पावणेदहा वाजले होते.

लेखकांना एक विनंती. एखाद्या रविवारी रात्री नऊला उद्यमनगरात यावं. चहा मिळेल. लिव्हरचे चारही स्विच मी नुकतेच बदललेत. गाइल मी घेईन, त्यांनी झँगीफ घ्यावा, आणि उजवीकडं तोंड करायची सोपी बाजू त्यांनाच देईन.

आपला,
एक रिवाइंडिंगवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर