पेनड्राईव्ह भरून देण्याबद्दल

बेळगाव

प्रिय महादेव,

सप्रेम नमस्कार.

उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरवाले तुझ्या दुकानात येतात, 50 रुपये देतात आणि गाण्यांनी पेनड्राईव्ह भरून नेतात. ‘हे चालू ठेवू का?’ असं तू विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे, पैसे घेऊन भरून देणं बंद कर.

फुकट उतरवून स्वतः ऐकणारा आणि ते विकणारा यांत मी फरक करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खासगी वापरासाठी सवलत आहे. घरची सीडी फोनवर घेणारा त्या आडोशाला उभा राहू शकेल, पण विकणाऱ्याला तो आडोसा नाही. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितलं. फौजदार वॉरंटशिवाय माल उचलू शकतो. कायदा केंद्राचा असल्यामुळे दुकान कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातल्या कागलला हलवलंस तरी सुटका नाही. सीमाप्रश्न निदान इथे तरी आड येत नाही!

पण कायद्याची भीती बाजूला ठेवू. तू म्हणतोस, मोठ्या कंपन्यांना काय फरक पडतो? यात थोडं तथ्य आहे. स्ट्रीमिंगवर तू भरलेले पैसे तू ऐकलेल्या गायकालाच जातात असं नाही. बहुतेक ठिकाणी सगळी रक्कम एकत्र करून एकूण ऐकण्यातल्या हिश्श्याप्रमाणे वाटतात, त्यामुळे भजन ऐकणाऱ्याचा रुपया सिनेमाच्या गाण्याकडेही वळतो. पण 32 जीबीच्या पेनड्राईव्हमध्ये साधारण दर्जाची (128 केबीपीएस) पाच-पाच मिनिटांची सहा हजारांवर गाणी मावतात. त्यांत आपल्याकडचा भजनी गायक असतो आणि कन्नड जनपद, म्हणजे लोकगीतं, गाणाराही असतो. कंपनीला तुझे 50 रुपये जाणवणार नाहीत. ज्याच्या गाण्याला दहा गावांपलीकडे गिऱ्हाईक नाही, त्याचं मात्र सगळं गिऱ्हाईकच तुझ्या काउंटरवर संपतं.

‘अभंग तर तुकोबांचा, त्याला कसला हक्क?’ असंही तू लिहिलंस. शब्द मोकळे आहेत हे खरं, पण चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग त्याहून वेगळं. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर 1977 साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत. रेकॉर्डिंगची 60 वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, म्हणून 1960 ची तबकडी 2020 संपताच मोकळी झाली. ती वाटायची असेल तर शब्द आणि चाल कुणाची हे आधी बघ. तिन्ही मोकळं असेल तरच हात घाल.

मग दुकानात करायचं काय? गिऱ्हाइकाचा फोन ट्रॅक्टरच्या टेपला जोडून दे आणि त्या कामाचे पैसे घे. टेपला ब्लूटूथ नसेल तर ऑक्सच्या भोकात 3.5 मिमीची वायर लाव. फोन त्याच बॅटरीवर चार्जिंगला लावला की कुई आवाज येतो आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढतो. चार्जर काढून बघ, थांबला तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा आवाज अडवणारी छोटी डबी, बसव. गाणी त्याच्या स्वतःच्या पैसे भरलेल्या खात्यात ऑफलाईन करून दे. ती पेनड्राईव्हवर जात नाहीत, कारण कुलूपबंद असतात. स्पॉटिफायवर तर 30 दिवसांतून एकदा नेटला जोडावं लागतं, नाहीतर ऐन शिवारात गाणी बंद पडतात आणि माणूस तुझ्यावर येतो. हे आधीच सांगून ठेव.

पेनड्राईव्हच विकायचा असेल तर गावच्या गायकांचा विक. त्यांच्याकडून लेखी परवानगी घे, त्यात मुदत आणि प्रदेश नीट लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. रेकॉर्डिंग कुणी पुढाकार घेऊन करवलं हेही विचार, कारण त्यावरचा हक्क बहुधा त्याचा असतो, गायकाचा नसेलही. गीतकार आणि संगीतकाराचा हिस्सा 2012 च्या दुरुस्तीनंतर सोडून देता येत नाही, तोही कागदावर आण. त्यांच्याकडून मूळ वॅव्ह फाईल, म्हणजे आवाज न दाबलेलं रेकॉर्डिंग, माग. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं 320 केबीपीएसला बदललं म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, फाईल मात्र फुगते. पेनड्राईव्ह एफएटी32 या जुन्या टेपलाही वाचता येणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट कर आणि फाइलींची नावं रोमन अक्षरांत दे. जुन्या टेपवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

गाणी साठवलेली तुझी जुनी हार्डडिस्क फोडायची गरज नाही. घरी ने, दुकानात ठेवू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सदा