फोटोत पाय का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कामगारांच्या व्यायामाचा फोटो बघितला. झकास आलाय. सगळ्यांचे हात वर, साहेब मधोमध. पाय तेवढे कापलेत. आमच्याकडं असाच फोटो निघाला तेव्हा आमच्या पायांत लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज होते आणि खाली सिमेंटचा कोबा.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासायला आहे, वय 54. रात्रभर ग्राइंडर धरून सकाळी सातला पंचिंगच्या रांगेत उभा होतो, तर एचआरच्या साहेबांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये पिटाळलं. कानाला माइक लावलेला विशीतला पोरगा म्हणाला, "चला काका, एनर्जी!" दोनदा मान फिरवली की लगेच उड्या. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, एका शब्दानं विचारलं नाही. विसाव्या उडीला माझा डावा गुडघा कटकन वाजला. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत आयोडीनची वाळलेली बाटली आणि चिकटपट्टीचं रिकामं रीळ. 1948 च्या कारखाने कायद्यात दीडशे कामगारांमागं एक पेटी सांगितली होती. पेटी आहे हो, भिंतीला.

सतरा दिवस घरात बसलो, त्यातले नऊ बिनपगारी. रजेच्या अर्जात कारण 'कंपनीतला व्यायाम' लिहिलं, ते खोडून 'घरगुती' करायला लावलं.

व्यायामाला माझा विरोध नाही, कोल्हापुरात राहून कोण करेल? पोरवयात तालमीत जायचो. नव्या पोराला वस्ताद पहिला आठवडा वीसच्या वर बैठक मारू द्यायचे नाहीत. ताप येऊन गेलेल्याला हौदाच्या काठावर बसवायचे. आणि खाली तेल-ताक-हळद घालून मळलेली माती, कोबा नव्हे! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आमच्या साहेबांनी बहुधा सगळा हप्ता एका सकाळी फेडून घेतला.

पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं कंबर-खांदे मोकळे करून घ्या, कोण नको म्हणेल? भट्टीवरच्यांना आधी पाणी पाजा, आणि ज्याला झेपत नाही त्याला बाजूला उभं राहू द्या, खाडा न मांडता.

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं त्याच पानावर उलटी छापणं बंद करा. गुडघा धरून पडलो होतो तेव्हा तेवढाच विरंगुळा होता, आणि नातू पेपर उलटा धरून आधीच उत्तरं ओरडायचा.

नाव छापू नये, अजून चार वर्षं नोकरी आहे.

एक वाचक,
पुलाची शिरोली