फोटोची पाठही जपा : सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
सविनय नमस्कार.

वृत्तपत्रांच्या आणि साप्ताहिकांच्या जुन्या फोटो लायब्ऱ्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून १९७१ पर्यंतचे युद्धकाळातले फोटो, रेखाटने आणि निगेटिव्ह पडून आहेत. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. हा ठेवा सरकारच्या मालकीचा नाही, हे ठाऊक आहे. तरी आपल्याला लिहितो आहे, कारण मालक बदलतात, कचेऱ्या हलतात, आणि अशा वेळी काय टाकायचे हे बहुधा जागेचे भाडे ठरवते.

माझी नोकरी एका वृत्तपत्राच्या संदर्भ विभागात झाली. एक प्रिंट अजून डोळ्यांपुढे आहे. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा, त्यावर चढलेले जवान आणि उजव्या कडेला गर्दी करून उभी राहिलेली गावातली पोरे. पोरांच्या अलीकडे लाल मेणपेन्सिलीने उभी रेघ ओढलेली होती. म्हणजे अंकात पोरे छापलीच गेली नाहीत. जवानांच्या मागचे आभाळ पांढऱ्या रंगाने सपाट केलेले होते, कारण न्यूजप्रिंटवर करडे आभाळ आणि करडे गणवेश एकमेकांत मिसळून जात. प्रिंट उलटला की खरी माहिती मिळायची. जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का. टाइप करून चिकटवलेली फोटोओळ, गोंद तपकिरी पडलेला. उपसंपादकाच्या हातचे ‘तीन कॉलम’. कोपऱ्यात शिसपेन्सिलीने फोटोग्राफरचे आडनाव. आणि आणखी एक शिक्का, डिसेंबर १९७१ चा. दुसऱ्या युद्धात ताजा फोटो हाताशी नसेल, म्हणून कोणीतरी हाच पुन्हा चालवला होता.

समोरची बाजू पाहणारा हा फोटो १९७१ चा म्हणेल. पाठ पाहणारा म्हणणार नाही. मोबाइलवर फिरणारे ‘दुर्मिळ युद्धफोटो’ पाहिले की मला तो दुसरा शिक्का आठवतो.

मंत्रिमहोदय, माझे मागणे एवढ्यावरच उभे आहे. युद्धाच्या फोटोचा पुरावा त्याच्या पाठीवर असतो, आणि स्कॅनिंगच्या कामात पहिला बळी पाठीचाच जातो. कंत्राट नगावर दिलेले असते. पाठ स्कॅन केली तर नग दुप्पट होतात आणि बिलही दुप्पट होते. मग समोरची बाजू घेतात, डाग काढतात, आणि पेन्सिलीच्या रेघासुद्धा पुसतात, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून! आता तर त्यात रंगही भरून मिळतात. हिरवा गणवेश, निळे आभाळ, सगळे अंदाजपंचे.

युद्धाचा फोटो नोंदीशिवाय का वाचू नये, याचे एक जुने उदाहरण आपल्याच देशातले आहे. लखनौच्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये कत्तल झाली. फोटोग्राफर फेलिस बिआटो तिथे पोहोचला तो १८५८ मध्ये. त्याच्या फोटोत पडक्या इमारतीसमोर हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात, जणू लढाई कालच संपली. काही महिन्यांनंतर ती तशी आपोआप उरलेली नव्हती, फोटोसाठी मांडलेली होती, असेच अभ्यासक मानतात. तारीख ठाऊक नसती तर हा प्रश्नही कोणाला पडला नसता. क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटनने १८५५ मध्ये तोफगोळ्यांनी भरलेल्या दरीचे दोन फोटो घेतले. एकात गोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. आधीचा कोणता, यावर पुढे बराच वाद झाला. तो होऊ शकला, कारण दोन्ही फोटो राहिले. प्रसिद्ध झालेला एकच ठेवून दुसरा टाकला असता, तर विषयच संपला असता.

फेंटनला क्रिमियाला पाठवणारी थॉमस अ‍ॅग्न्यू अँड सन्स ही मँचेस्टरची चित्रविक्रेती आणि प्रकाशक पेढी. याच पेढीने एगरॉन लुंडग्रेन या स्वीडिश चित्रकाराला लखनौला धाडले आणि त्याच्या रेखाटनांवरून चित्रकार थॉमस जोन्स बार्करकडून लखनौच्या वेढ्यातून झालेल्या सुटकेचे भले मोठे तैलचित्र करून घेतले. बार्कर त्या प्रसंगी तिथे नव्हता. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या चित्रांचीही तीच गत. रणांगणावरचा चित्रकार घाईत रेघोट्या मारी, कडेला सूचना लिही, आणि मग लंडनमध्ये लाकडी ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळे कारागीर कोरत. छापलेल्या चित्रात पाहिलेले किती आणि रचलेले किती, हे मूळ कागद हाती असेल तरच कळते. त्या साप्ताहिकाचा चित्रसंग्रह आज लंडनच्या मेरी एव्हान्स पिक्चर लायब्ररीमार्फत मिळतो. ‘पिक्चर पोस्ट’ हे ब्रिटनमधले सचित्र साप्ताहिक १९५७ मध्ये बंद पडले, पण त्याचा संग्रह बीबीसीकडून पुढे जात जात १९९६ मध्ये गेटी या फोटो पुरवणाऱ्या कंपनीकडे पोहोचला. तिथे हा धंदा आहे आणि फी द्यावी लागते. त्यावर माझी तक्रार नाही. धंदा म्हणून का होईना, वस्तू जागेवर आहे.

आपल्याकडे ती नशिबाने राहते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे सुनील जाना यांचे फोटो आणि चित्तप्रसाद यांची रेखाटने मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकाने लोकांपुढे आणली. महायुद्ध चालू होते, आणि तो दुष्काळ त्या युद्धापासून वेगळा काढता येत नाही. चित्तप्रसाद यांच्या चित्रांची छोटी पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त केली आणि जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. घरच्यांनी जपलेल्या प्रतीवरून ती पुढे अनेक दशकांनी पुन्हा छापता आली. रघु राय यांनी १९७१ मध्ये टिपलेल्या बांगलादेशच्या निर्वासितांच्या कित्येक निगेटिव्ह जवळपास चाळीस वर्षे हरवल्या होत्या आणि मग सापडल्या. इतक्या नावाजलेल्या माणसाची ही कथा, तर जिल्ह्याच्या वार्ताहराने पाठवलेल्या पाकिटांचे काय झाले असेल?

कायदे आहेत, पण प्रत्येकाची कड थोडी अलीकडे संपते. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला छापील प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते, पण ज्या फोटोवरून ती छापली, त्याचा त्यात उल्लेख नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांपुरता. १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारण वस्तूला १०० वर्षांनी आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला किंवा दस्तऐवजाला ७५ वर्षांनी ओळख देतो. फोटोला ‘दस्तऐवज’ मानले तरी १९७१ च्या प्रिंटला २०४६ उजाडावे लागेल.

निगेटिव्ह तोवर थांबणार नाहीत. त्या काळातल्या बहुतेक सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या आहेत. उष्ण, दमट जागेत त्यांचे रासायनिक विघटन सुरू झाले की त्यातून निघणारे आम्लच पुढचे विघटन वाढवते. डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो, मग फिल्म आक्रसते आणि वरचा थर सुरकुतून सुटतो. थंड, कोरड्या जागी ठेवल्याने वेग कमी होतो. झालेले नुकसान भरून येत नाही. शिवाय भंगारवाल्याला जुन्या फिल्ममधली चांदी ठाऊक असते, त्यामुळे गिऱ्हाईक कायम तयार.

खासगी मालमत्तेत सरकारने हात का घालावा, असे आपले अधिकारी विचारतील. हस्तलिखितांच्या बाबतीत घातलाच आहे की! २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेले ज्ञान भारतम् मिशन खासगी संग्राहकांकडच्या पोथ्यांचीही नोंद घेणार आहे. मालकी घरमालकाची, नोंद देशाची, ही रीत मान्य झालेली आहे. तीच प्रकाशकांच्या चित्रसंग्रहाला लावा. ताबा मात्र मागू नका. जप्तीचा नुसता वास आला, तरी कपाटे रातोरात रिकामी होतील.

पाठीचा संबंध हक्कांशीही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पगारी फोटोग्राफरच्या फोटोवर वृत्तपत्राच्या मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो, बाकी हक्क फोटोग्राफरचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या हक्काची मुदत फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. म्हणजे तो १९८२ मध्ये वारला असेल, तर २०४२ च्या अखेरपर्यंत हक्क वारसांचा. पण तो कोण, हेच माहीत नसेल तर वारस शोधायचे कसे? छापलेल्या अंकात अनेकदा ‘आमच्या छायाचित्रकाराकडून’ एवढेच असे. पेन्सिलीने लिहिलेले ते आडनाव पुसले, तर एखाद्या कुटुंबाचा हक्कही पुसला जातो.

म्हणून योजना काढाल तेव्हा अनुदानाच्या अटीतच लिहा की दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, कापाकापीच्या खुणा राखायच्या, छापून न आलेल्या फ्रेमही घ्यायच्या आणि मूळ फोटोओळ चुकीची असली तरी तशीच ठेवून दुरुस्ती वेगळ्या रकान्यात करायची. शाळा-महाविद्यालयांना कमी रिझोल्यूशनची प्रत फुकट मिळावी, छपाईच्या प्रतीचे पैसे प्रकाशक आणि फोटोग्राफरचे वारस यांना मिळावेत. प्रदर्शने, उद्घाटने नंतर करू.

आणि स्कॅनर घेण्याआधी एक काम थोड्या खर्चाचे आहे. या पाठींवरची अक्षरे, आद्याक्षरे आणि शिक्के कोणाचे, हे सांगू शकणारे डार्करूमवाले, ब्लॉकमेकर आणि संदर्भ विभागातले लोक आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना प्रिंट दाखवून ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी प्रत्येक मोठ्या वृत्तपत्राच्या शहरात एक माणूस नेमा. यंदाच नेमा.

आपला नम्र,
वृत्तपत्राच्या संदर्भ विभागातून निवृत्त झालेला एक कर्मचारी