आजीसाठी धावा, पण पावती ज्याची त्याच्या नावाने

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की ‘आजोबांसाठी धावतोय, मदत करा’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत हे चालतं. हेतूबद्दल शंका नाही, घोळ होतो तो पैशांचा.

शर्यतीचं प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे, ते आयोजनाला जातं. देणगी वेगळी आणि ती अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या खात्यात थेट जायला हवी. प्रत्यक्षात नातू स्वतःच्या यूपीआयवर सगळ्यांचे पैसे घेतो आणि एकरकमी पुढे पाठवतो. मग पावती त्याच्या एकट्याच्या नावाने निघते आणि जुन्या करप्रणालीतल्या बाकीच्यांची करसवलत बुडते. संस्थेचाच क्यूआर कोड मागून घ्यावा आणि नाव, पत्ता, पॅन ज्याने त्याने संस्थेलाच कळवावा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. परदेशातल्या भाचरांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही त्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात. संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांबाबतच्या कायद्याची) नोंदणी वा परवानगी नसेल तर तिला ते घेताच येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्यांच्या स्वकमाईला ही अडचण नाही.

‘किलोमीटरमागे ५० रुपये’ ऐकायला छान वाटतं. अर्धमॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर, म्हणजे १,०५५ रुपये. पण शर्यत संपल्यावर वसुली करत कोण फिरणार? आकडा ठरवून पैसे आधीच भरून घ्यावेत, म्हणजे पाय मुरगळून कुणी अर्ध्यात थांबलं तरी संस्थेचं अडत नाही. टी-शर्ट-बॅनरचा खर्च घरच्यांनी वेगळा उचलावा. पैसा कशासाठी, हेही संस्थेकडून लिहून घ्यावं: डे-केअरमधली एक जागा, मोठ्यांचे डायपर, की सांभाळणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून प्रशिक्षित मदतनीस. आमच्या मते या शेवटच्या गोष्टीची गरज सर्वांत मोठी आणि तिच्यासाठी पैसे मागणारे सर्वांत कमी. ‘जनजागृतीसाठी’ असं मोघम आवाहन शक्यतो टाळावं.

आवाहनासोबत ‘आजी, मला ओळखलंस का?’ असा व्हिडिओ टाकणं तर बंदच व्हावं. ती गोंधळलेली जगाला दाखवून निधी कशाला? आजार सुरुवातीचा असेल तर तिलाच विचारून फोटो निवडावा.

तिला मैदानावर न्यायचंच असेल, तर ढोल-ताशा आणि ध्वनिक्षेपकापासून लांब, सकाळीच, थोडा वेळ. संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते. सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट आणि टोप्या घातल्या की तिला ओळखीचा चेहरा सापडत नाही. ती घाबरून उठते आणि गर्दीत कुठेही चालू लागते. म्हणून न धावणारं एक माणूस रोजच्या कपड्यांत, पूर्णवेळ तिच्यापाशी ठेवावं. त्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या कपड्याला आतून टाचावी. पर्समध्ये नको, पर्स ती कुठेतरी ठेवून देते.

– काही धावपटू वाचक, ठाणे