दुसरे थेट विमान आले म्हणजे मागणी वाढलीच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान विमानतळावरून एखाद्या मार्गावर दुसऱ्या कंपनीची थेट सेवा सुरू झाली, की पहिल्याच महिन्याचे आकडे पाहून ‘प्रवासी वाढले’ अशी बातमी येते. त्याच आकड्यांवर टर्मिनलच्या विस्ताराचे आणि विमान कंपन्यांना द्यायच्या शुल्कमाफीचे निर्णय होतात. हे प्रवासी आले कुठून, हे आधी तपासावे, एवढ्यासाठी हे पत्र.

नव्या विमानातल्या प्रवाशांचे चार प्रकार असतात. भाडे उतरले म्हणून नव्याने प्रवासाला निघालेला, आजवर रस्त्याने शेजारच्या मोठ्या विमानतळावर जाणारा, इथूनच पण मधल्या मोठ्या केंद्रावर विमान बदलून जाणारा आणि आधीच्या कंपनीचा ग्राहक. पहिले दोन ही विमानतळाची खरी वाढ. उरलेले दोघे कालही इथूनच उडत होते, आज फक्त त्यांचे विमान बदलले.

तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि नुकसान तिथेच होते. समजा, केंद्राच्या शहराकडे 72 आसनी विमानाच्या दिवसाला 3 फेऱ्या आहेत आणि प्रत्येकीत सरासरी 54 प्रवासी, म्हणजे 75 टक्के भारमान (भरलेल्या जागांचे प्रमाण). या 162 जणांपैकी 30 जण पुढे एकाच शहराला जातात. त्या शहराला थेट विमान सुरू झाले आणि 24 जण तिकडे वळले, तर 138 उरतात आणि भारमान 64 टक्क्यांवर येते. कंपनी दुपारची फेरी बंद करते. आता 144 जागांसाठी 138 प्रवासी, म्हणजे गर्दीच्या दिवशी तिकीटच मिळत नाही आणि भाडे चढते. त्या फेरीच्या भरवशावर इतर पंधरा-वीस शहरांची जोड विमाने गाठणाऱ्यांचा मार्ग तुटतो. विमानतळाच्या एकूण आकड्यात यातले काहीही दिसत नाही.

भाडे घटल्याने प्रवासी वाढतात, यात शंका नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या 1993 च्या अभ्यासाने या परिणामाला साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीवरून ‘साउथवेस्ट इफेक्ट’ हे नाव दिले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे: स्वस्त सेवेचा परिणाम आसपासच्या विमानतळांवरही होतो. शेजारच्या मोठ्या विमानतळावर दोन कंपन्यांची चढाओढ लागून भाडी पडली, तर लहान विमानतळावरचे वेळापत्रक जसेच्या तसे असूनही तिथले प्रवासी कमी होतात. तीन तासांचा रस्ता धरूनही कुटुंबाला तिकडून जाणे स्वस्त पडते. कामासाठी एकट्याने जाणारा मात्र सहसा जवळच राहतो, कारण त्याच्या लेखी तिकिटाइतकीच वेळेची किंमत असते.

आता विमानाच्या आकाराचे गणित. रोज एका दिशेला 110 प्रवासी असलेल्या मार्गावर 180 आसनी एक विमान 61 टक्के भरते. दुसऱ्या कंपनीनेही तेवढेच विमान आणले आणि मागणी 40 टक्क्यांनी वाढली, असे उदारपणे धरले तरी 360 जागांना 154 प्रवासी होतात, भारमान 43 टक्के. यात दोघेही तोट्यात. पुढे एकाने काढता पाय घेतला की भाडी पुन्हा चढतात आणि तोवर केंद्राकडची फेरीही गेलेली असते. याउलट 78 आसनी विमानाच्या 2 फेऱ्यांत मूळच्या 110 प्रवाशांवरच 71 टक्के भारमान मिळते आणि सकाळ-संध्याकाळ पर्यायही राहतो.

वेळांचा प्रश्न तर याहून मोठा आहे. दोन्ही कंपन्यांची विमाने रात्री मोठ्या शहरात थांबतात, सकाळी तिथून निघतात आणि साडेनऊ-दहाच्या सुमारास लहान विमानतळावर लागोपाठ उतरतात. फेऱ्या दोन, पण निघण्याची वेळ एकच. त्याच दिवशी काम करून परतायचे, तर सकाळी सातचे विमान हवे आणि त्यासाठी ते रात्री इथेच मुक्कामी असायला हवे. मुक्कामाला रात्रीची पार्किंग जागा, कर्मचाऱ्यांची निवासव्यवस्था, तपासणीसाठी अभियंता आणि पहाटेपासून हवाई वाहतूक नियंत्रण व अग्निशमन दल लागते. शिवाय दोन 180 आसनी विमाने अर्ध्या तासात आली, तर त्या तासाला सातशेपर्यंत माणसे येतात-जातात आणि उरलेला दिवस टर्मिनल रिकामे. अशा वेळी इमारत मोठी करण्यापेक्षा एका विमानाची वेळ दोन तासांनी हलवणे कितीतरी स्वस्त.

म्हणून तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच हंगामाशी हवी. विमानांची उन्हाळी वेळापत्रके मार्चच्या आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतात. सुरुवातीच्या सवलतीच्या भाड्यांचे तीन महिने वेगळे काढावेत. प्रवाशाचे मूळ ठिकाण आणि अंतिम ठिकाण तिकिटांवरून मोजावे. दोन वेगळी तिकिटे काढून विमान बदलणारे यातही निसटतात, त्यांच्यासाठी प्रस्थान कक्षात थेट विचारणा करावी लागते. शुल्कमाफी द्यायचीच, तर नव्या शहराला किंवा रिकाम्या वेळेला द्यावी, किमान दोन हंगाम सेवा टिकवण्याच्या अटीवर. दहाच्या विमानाशेजारी सव्वादहाचे विमान उभे करायला ती देऊ नये.

आपले वार्ताहर प्रवासीसंख्या छापतात, त्यासोबत उपलब्ध जागा, प्रस्थानाच्या वेळा आणि केंद्राकडच्या फेऱ्यांत झालेली घटही छापावी, ही विनंती.

आपले,
हवाई वाहतूक नियोजनात काम करणारे काही वाचक